दुखणं कुठल्या भाषेत सांगायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. बी. ए. झालेला आणि आयुष्यभर कविता लिहीत आलेला माणूस आहे. तेव्हा मनाच्या आजारांवर मी बोलणं हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण माझा सगळा व्यवहार शब्दांशी, आणि गेली काही वर्षं मला एक नाद लागला आहे. लोक आपलं मनाचं दुखणं सांगताना कोणते शब्द वापरतात, ते मी एका वहीत टिपून ठेवतो. एसटीच्या थांब्यावर, सरकारी दवाखान्यातल्या रांगेत, दर्ग्याच्या ओट्यावर, मयताच्या घरी भेटायला गेल्यावर. ती वही भरत गेली तसं या विषयावर जाणत्यांनी केलेलं संशोधनही मी मिळेल तसं वाचत गेलो. त्यातलंच थोडं आज तुम्हाला सांगणार आहे.

वहीतले काही शब्द आधी ऐका. जीव घाबरतो. जिवाची घालमेल होते. पोटात गोळा येतो. डोकं भणभणतं. हातपाय गळून जातात. काळजात धस्स होतं. कशात जीव लागत नाही. विचार करून करून डोक्याचा भुगा झाला. आमच्या घरात दखनी बोलली जाते, त्यामुळे वहीत त्या बाजूचेही शब्द आहेत. ‘जी घाबरा होता.’ ‘दिल में हौल बैठ्या.’ ‘हातपाँव में जान नईं.’ आणि आता सगळ्या जातीधर्मांत पोहोचलेला एक शब्द आहेच, ‘टेन्शन’.

या यादीत एक गोष्ट पाहा. काळीज आहे, पोट आहे, डोकं आहे, हातपाय आहेत. मन जवळजवळ नाहीच. ‘मला नैराश्य आलं आहे’ हे वाक्य माझ्या वहीत दोनदाच आलं आहे, आणि दोन्ही वेळा बोलणारा कॉलेजात शिकणारा मुलगा होता. नैराश्य, चिंताविकार, मनोविकार हे छापील शब्द आहेत. ते पेपरात वाचायचे, स्वतःबद्दल बोलायचे नाहीत. त्यामुळे होतं असं की बाई दवाखान्यात सांगते, ‘छातीत धडधडतं, झोप नाही, अंग जड झालंय.’ डॉक्टर रक्त तपासतात, कार्डिओग्राम काढतात. सगळं नॉर्मल येतं. मग शक्तीच्या गोळ्या आणि एखादं सलाईन. बाई घरी येते, दुखणं तिच्यासोबत घरी येतं.

याचं एक सोपं कारण फार दिवस सांगितलं जायचं. कमी शिकलेल्या, मागासलेल्या माणसांना मनाचं बोलता येत नाही, म्हणून ती शरीराचं बोलतात. मला हे कधीच पटलं नाही. ज्या बायकांनी जात्यावर बसून ओव्यांमधून मनाचे सगळे कोपरे बोलून दाखवले, त्यांना मनाचं बोलता येत नाही, असं म्हणायला धाडस लागतं.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत आर. रघुराम, मिचेल वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ८० रुग्णांशी सविस्तर बोलून पाहिलं. निष्कर्ष असा निघाला की, उदासी, निराशा ही लक्षणं रुग्णांना लाजिरवाणी वाटत होती. लोकांना कळलं तर मुलीचं लग्न मोडेल, नवरा टाकून देईल, ही भीती त्यामागे होती. उलट अंगदुखी, डोकेदुखी, थकवा यांची लाज कुणाला वाटत नव्हती, कारण डोकं कुणाचंही दुखतं. म्हणजे ही माणसं अडाणीपणानं शरीराचं बोलत नव्हती. आपल्या समाजात कोणतं दुखणं उघड सांगता येतं आणि कोणतं नाही, हे ती नीट जाणून होती.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. आर्थर क्लाइनमन हे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. १९८० साली त्यांनी चीनच्या हुनान प्रांतात काम केलं. तिथं हजारो लोकांना ‘नसांचा अशक्तपणा’ नावाचा आजार असल्याचं सांगितलं जाई. डोकेदुखी, झोप न येणं, थकवा. क्लाइनमन यांनी १०० रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना डॉक्टरी भाषेतलं डिप्रेशन होतं. पण १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळातून ती माणसं नुकतीच बाहेर आली होती. ‘मी दुःखी आहे’ म्हणणं म्हणजे व्यवस्थेविरुद्ध तक्रार ठरण्याचा धोका. ‘माझ्या नसा अशक्त झाल्यात’ म्हणण्यात धोका नव्हता.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेमध्ये शोना भाषेत एक शब्द आहे, ‘कुफुंगिसिसा’. त्याचा अर्थ फार विचार करणं. तिथली माणसं म्हणतात, फार विचार केल्यानं आजार होतो. माझ्या वहीतला ‘डोक्याचा भुगा’ मला इतक्या लांब भेटेल असं वाटलं नव्हतं! तिथल्या डॉक्टरांनी हा शब्द अडाणी म्हणून बाजूला सारला नाही. २००६ साली हरारे शहरात डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञानं दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकं ठेवली आणि त्यांवर त्याच वस्तीतल्या आज्या बसवल्या. या आज्यांना थोडं प्रशिक्षण दिलेलं होतं. ज्याला फार विचार होतो त्यानं बाकावर यावं, आजीशी बोलावं. दोघांनी मिळून एक अडचण निवडावी आणि तिच्यावर वाट काढावी. या बाकाला ‘मैत्रीचं बाक’ असं नाव पडलं. २०१६ साली त्याची शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. बाकावर आलेल्यांचा त्रास नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा खूपच कमी झालेला दिसला.

क्लाइनमन यांचं एक म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. डॉक्टरांनी रोग ओळखण्याआधी रुग्णाला काही साधे प्रश्न विचारावेत. तुमच्या मते तुम्हाला काय झालंय? याला तुम्ही काय म्हणता? हे कशामुळे झालं? तुम्हाला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते? मिचेल वाइस यांनी मुंबईतल्या कुष्ठरुग्णांशी बोलण्यासाठी याच धर्तीवर एक मोठी प्रश्नावली तयार केली. ती १९९२ साली प्रसिद्ध झाली आणि नंतर अनेक देशांत, अनेक आजारांसाठी वापरली गेली. म्हणजे रुग्णाला त्याच्या भाषेत विचारण्याच्या या शास्त्राचा एक धडा आपल्या मुंबईत लिहिला गेला आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या रोगनिदानाच्या मोठ्या ग्रंथातही असे प्रश्न घातले. झिम्बाब्वेचा कुफुंगिसिसा त्या ग्रंथाच्या शब्दसूचीत जाऊन बसला.

हे प्रश्न कागदावर साधे दिसतात. विचारले न गेल्यानं काय होतं आणि विचारल्यानं काय होतं, हे मी एकदा जवळून पाहिलं आहे. माझी एक खाला यंत्रमागाच्या गावात राहायची. तिला झोप येईना, जेवण जाईना. दर जुम्मेरातीला ती दर्ग्यात जायची, गळ्यात ताईत होता. मी तिला एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी ताईत पाहिला. ‘हे असलं घालायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका,’ असं सगळ्यांदेखत म्हणाले. खाला काही बोलली नाही. पदर पुढे ओढून घेतला आणि उठली. पुढचं दीड वर्ष ती कुठल्याच डॉक्टरकडे गेली नाही.

दीड वर्षानं दुसऱ्या गावातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे तिला कसंबसं नेलं. ती दखनीत बोलत होती, मी मराठीत सांगत होतो. ती म्हणाली, ‘दिल में हौल बैठ्या है.’ हौल म्हणजे नुसती भीती नव्हे. मी जरा थांबलो आणि म्हणालो, ‘यांनी धसका घेतलाय.’ डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं आणि सरळ खालाकडे बघून विचारलं, ‘कशाचा?’

तोपर्यंत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं, घरच्यांनीही नाही. खाला बोलायला लागली ती अर्धा तास बोलत होती. खालूजान गेल्यावर मुलांनी घरातले माग विकले होते. चाळीस वर्षं रात्रंदिवस मागाच्या खडखडाटात झोपलेली ती बाई. आता रात्री घर इतकं गप्प होतं की तिला वाटायचं, सगळे मेले आणि मी एकटी उरले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी परत बोलावलं. मुलाला आत बोलावून रात्री आईजवळ झोपायला सांगितलं. आणि ताईताबद्दल विचारलं, ‘हा कुठला?’ खालानं दर्ग्याचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘राहू दे. गोळी मात्र चुकवायची नाही.’ खालानं ताईतही ठेवला आणि गोळीही चुकवली नाही. काही महिन्यांनी ती झोपू लागली, जेवू लागली. आजाराचं नाव तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तिच्या लेखी तो हौलच होता.

आता दर्ग्याचा आणि देवरुषाचा विषय निघालाच आहे, तर तोही बोलू. मनाचं दुखणं आलं की आपल्याकडे मराठीत म्हणतात, ‘बाहेरचं झालंय.’ आमच्याकडे म्हणतात, ‘ऊपर का है.’ एकानं बाहेर बोट दाखवलं, दुसऱ्यानं वर. पण दोघांचं म्हणणं एकच की हे या माणसाच्या आतलं नाही. यात त्याचा दोष नाही, त्याच्या रक्ताचा नाही, आईबापाचा नाही. आणि दुसऱ्या बाजूला कोणता शब्द आहे? ‘वेडा.’ महाराष्ट्रातली चार जुनी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर इथं आहेत. त्या त्या भागात या गावांच्या नावांची आपण शिवी करून टाकली. ‘याला येरवड्याला पाठवा,’ ‘ठाण्याला जागा आहे का बघा.’ हसत हसत हे बोलणारे आपणच. आता सांगा, एका बाजूला ‘बाहेरचं’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वेडा’ असे दोनच दरवाजे असतील, तर माणूस आपल्या बहिणीला घेऊन कुठल्या दरवाज्यातून जाईल?

दर्ग्यात, देवळात त्याला काय मिळतं, तेही पाहिलं पाहिजे. तिथं केसपेपर काढावा लागत नाही. नाव विचारत नाहीत. जात-धर्म विचारत नाहीत. सोबतीला आपल्यासारखीच चार घरं असतात. जी सून घरात वर मान करून बोलू शकत नाही, ती अंगात आल्यावर सासूला एकेरीत बोलते आणि सासू हात जोडून ऐकते. सुधीर कक्कर या आपल्या नामवंत मनोविश्लेषकानं १९८२ सालच्या एका ग्रंथात पीर, मांत्रिक आणि वैद्य या सगळ्यांकडे जाऊन, टिंगल न करता, तिथं नेमकं काय घडतं ते लिहून ठेवलं आहे. रघुराम आणि सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या एका खेड्यातल्या देवळात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण तिथं सरासरी सहा आठवडे राहिले, सोबत घरचं एक माणूस. मारहाण नाही, मोठे विधी नाहीत. देवळातली हलकी कामं करायची, जेवायचं, झोपायचं. त्यांच्या लक्षणांत सुमारे २० टक्के उतार पडला. अभ्यासकांनी त्याचं श्रेय तिथल्या निवांत, धीर देणाऱ्या वातावरणाला दिलं.

पण श्रोतेहो, मी इथंच थांबलो तर ते अर्धसत्य होईल. याच तामिळनाडूत एरवाडी नावाचं दर्ग्याचं गाव आहे. त्या दर्ग्याच्या आसपास खासगी लोकांनी मनोरुग्णांना ठेवण्यासाठी झोपड्या उभारल्या होत्या. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका ठिकाणी आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. पळता आलं नाही. २८ जण जळून गेले. कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी बहीण. बरं व्हावं म्हणून आणलेली माणसं होती ती.

‘बाहेरचं’ या शब्दाचीही दुसरी बाजू आहे. बाहेरचं म्हटलं की कुणीतरी केलेलं असावं लागतं. मग बोट जातं शेजारच्या विधवेकडे, नव्या सुनेकडे, कुणाचा आधार नसलेल्या म्हातारीकडे. एका आजाऱ्याचा दोष पुसताना दुसऱ्या निरपराध बाईच्या कपाळी तो लिहिला जातो. आणि खरा आजार मात्र वाढत राहतो. ज्याला कानात आवाज ऐकू येतात, घरचेच आपल्याला विष घालतील असं वाटतं, त्याची दोन-दोन वर्षं अंगाऱ्या-धुपाऱ्यांत गेली, तर पुढे औषधालाही जड जातं.

मी मुसलमान आहे, म्हणून आपल्या घरचं आधी बोलतो. साखळी हा कुठल्याच धर्माचा इलाज नाही, आमच्या धर्माचा तर नाहीच. दहाव्या शतकात वारलेले अबू झैद अल बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिलं. शरीर आजारी पडतं तसं मनही पडतं, हे त्यांनी सांगितलं. काही माणसांना दुःखाचं कारण माहीत असतं आणि काहींना कारणाशिवाय उदासी येते, हा भेदही त्यांनी केला. तुर्कस्तानात एडिर्ने इथं सुलतान दुसरा बायझीद याचं १४८८ सालचं रुग्णालय आजही संग्रहालय म्हणून उभं आहे. तिथं मनोरुग्णांना संगीत आणि वाहत्या पाण्याचा आवाज ऐकवत असत. तेव्हा ‘आपल्यात डॉक्टरकडे जात नाहीत’ असं कुणी म्हटलं, तर त्याला विचारावं, ‘आपल्यात’ म्हणजे कुणात?

साखळीविरुद्ध आता कायदाही आहे. महाराष्ट्रानं २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी अनेक वर्षं झगडा दिला आणि त्यांच्या खुनानंतर तो झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा त्यात गुन्हा आहे. केंद्राचा २०१७ सालचा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. त्यात कुठल्याही मनोरुग्णाला साखळीनं बांधण्यास मनाई आहे, आणि सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे.

पण कायद्यानं साखळी सुटते, दुखणं सुटत नाही. दर्ग्याचं दार बंद केलं म्हणून लोक दवाखान्यात जातील, असंही नाही. ते आणखी आडबाजूच्या मांत्रिकाकडे जातील. यावर गुजरातनं एक वाट काढली. मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथं मीरा दातारांचा दर्गा आहे. सगळ्या धर्मांची माणसं तिथं जातात, आपल्या महाराष्ट्रातूनही जातात. २००८ साली तिथं सरकार आणि एका सामाजिक संस्थेनं मिळून ‘दवा-दुवा’ नावाचा उपक्रम सुरू केला. दर्ग्याच्या मुजावरांना मनाच्या आजारांची लक्षणं शिकवली आणि दर्ग्यातच मानसोपचाराचा दवाखाना ठेवला. येणारा माणूस आधी मुजावराकडे जातो. मुजावर दुवा करतो आणि सांगतो, आता त्या खोलीतल्या डॉक्टरांनाही भेटून ये. एरवाडीतही पुढे असा उपक्रम सुरू झाला. मला यातली मुख्य गोष्ट ही वाटते की कुणालाही आपली श्रद्धा दाराबाहेर काढून ठेवावी लागत नाही. आणि मुजावरालाही कळतं की, आपण पाठवलेला माणूस बरा झाला तर आपला मान जात नाही, वाढतो.

गरज किती मोठी आहे ते एका आकड्यावरून कळेल. निम्हान्सनं २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता. वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. शंभरांतल्या तीसांनाही उपचार नाहीत! एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून, हा प्रश्न खरा आहे. पण त्याचं एक उत्तर आपल्या शेजारीच सापडलं आहे.

गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था १९९६ साली सुरू झाली. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. झिम्बाब्वेत काम करून ते इथं आले होते. संगाथनं साध्या, शिकलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. मनोरुग्ण, मनोविकार हे शब्द टाळले. ताण, टेन्शन असे लोकांच्या तोंडचे शब्द वापरले. या कामाच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१० आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. प्रशिक्षण घेतलेला साधा माणूसही डिप्रेशनमधून बाहेर यायला मदत करू शकतो, हे त्यांतून दिसलं.

आपल्या विदर्भात, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या अमरावती जिल्ह्यात, ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा असाच कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लहान लहान बैठका घेतल्या, घरोघर बोलणं केलं. सुरुवातीला डिप्रेशनचा त्रास असलेल्या शंभरांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षानं ते २७ झाले. गाव तेच, कर्ज तेच, पाऊस तसाच लहरी. कुणीतरी ओळखीच्या भाषेत विचारायला आलं, एवढा बदल झाला.

पुरुषांबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. बाईला निदान रडता येतं, अंगात येतं, जीव घाबरतो म्हणता येतं. पुरुषाला आपल्या संस्कृतीनं फार थोडे शब्द दिले आहेत. माझ्या वहीत पुरुषांचे शब्द कमी आहेत, आणि त्यांतलं सगळ्यांत जास्त वेळा आलेलं वाक्य आहे, ‘काही नाही, चाललंय.’ ज्या घरात कर्ता माणूस बोलेनासा झाला आहे, रानात एकटाच बसून राहतो आहे किंवा अचानक जास्त प्यायला लागला आहे, त्या घरानं ‘चाललंय’ हे उत्तर ऐकून उठून जाऊ नये. थोडं बसून राहावं.

संस्कृती म्हणजे केवळ रीतिरिवाज नाहीत. कोणत्या दुखण्याची लाज वाटावी, ते कुणाला सांगावं, कुणाला सांगू नये, हेही संस्कृतीच शिकवते. आणि ती दगडावर कोरलेली नसते. क्षयाला आपण राजयक्ष्मा म्हणून घाबरत होतो, आता गावचा माणूस ‘टीबीचा कोर्स चालू आहे’ असं चारचौघांत सांगतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’नं २००४ साली स्किझोफ्रेनिया झालेला माणूस मराठी घराच्या ओसरीवर आणून बसवला. त्यानंतर काही घरांनी पहिल्यांदा आपल्या माळ्यावरच्या खोलीचं दार उघडलं असेल, असं मला वाटतं.

तेव्हा माझं मागणं मोठं नाही. डॉक्टरांनी गळ्यातला ताईत, मनगटातला गंडा पाहून तोंड फिरवू नये. तो कुठला, कुणी दिला आणि कशासाठी, एवढं विचारावं. मौलवींनी, गुरवांनी, देवरुषांनी जवळच्या दवाखान्याचा पत्ता आपल्या जागी लिहून ठेवावा. आणि आपण सगळ्यांनी येरवड्याचा, ठाण्याचा विनोद बंद करावा, निदान ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घरासमोर तरी.

जाता जाता एक नंबर सांगतो, लिहून घ्या. १४४१६. एक चार चार एक सहा. ‘टेलि-मानस’ या नावानं ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सरकारी सेवा आहे. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. आजाराचं नाव माहीत असण्याची गरज नाही. जीव लागत नाही, धसका बसलाय, डोक्याचा भुगा झालाय, जे होत असेल ते तसंच सांगावं. हा नंबर घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाचा हिशोब लिहितो तिथंच. सगळ्यांना दिसेल असा.